शनिवारच्या पोळ्या आणि मुन्नाचे मागचे पाय

आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने उन्हाळ्यात माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण. "कंट्रोलर साहेबांनी या वयात मुक्या जनावराची सेवा करून त्याला पुन्हा पायांवर उभं केलं," असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मुन्ना माझ्या खुर्चीखाली बसून कुणाच्या तरी चपलेचा वास घेत होता. माझी सून रेखा त्याच सभेत सगळ्यांना चहा देत होती. तिचं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आता त्याच मंडळाने अंकासाठी लेख मागितला आहे. लठ्ठ झालेल्या कुत्र्याचं वजन कसं उतरवलं, तो आजारातून कसा निघाला, ते लिहा. पुष्कळांच्या घरी हल्ली कुत्री आहेत, उपयोग होईल. लिहितो. पण सत्कारात सांगितलं गेलं तसं ते घडलेलं नाही. मुन्नाला आडवा मी केला आणि उभा रेखाने. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

काळा कुत्रा

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. नांदेड, देगलूर, नायगाव अशा स्टँडांवर उभी हयात गेली. गाडी कधी लागणार हे विचारायला माझ्या खिडकीपुढे माणसं उभी राहायची. निवृत्त झालो आणि एकदम कुणी काही विचारेनासं झालं. पत्नी आधीच गेलेली. मुलगा बियाणे कंपनीत, आठवड्यातले पाच दिवस फिरतीवर. रेखा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नात श्रुती तेवढी जवळ होती, आणि तिचा मुन्ना.

मुन्ना डॅशहंड जातीचा. अंग लांब, पाय आखूड, कान लोंबते. पाठ काळीभोर, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके. श्रुती बारावीच्या आणि मेडिकलच्या तयारीसाठी लातूरला क्लासला गेली, होस्टेलवर राहू लागली. निघताना मुन्नाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजोबा, याला सांभाळा. मी डॉक्टर होऊन येते." मी हो म्हणालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या शकुंतलाबाई एका शनिवारी फाटकाशी आल्या. हातात तेल लावलेली पोळी.

"कंट्रोलर साहेब, मुन्ना हाय का? आमच्या ह्यांना साडेसाती लागलीया. जोशी म्हनले, शनवारी काळ्या कुत्र्याला तेलपोळी घाला. आता ह्या कॉलनीत काळं कुत्रं कुठं हुडकू? सगळी तांबडीच हायती."

"पण याच्या भुवया तांबड्या आहेत," मी म्हणालो.

"वरून तर काळा हाय ना? शनी वरूनच बगत असंल."

मुन्नाने पोळी दोन घासात संपवली. योगायोगाने त्याच आठवड्यात शकुंतलाबाईंच्या यजमानांची अडकलेली बदली झाली. मग काय! पुढच्या शनिवारी फाटकाशी चार माणसं होती, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहून जास्त. कुणाची साडेसाती, कुणाचा राहू, कुणाच्या पोराचं लग्न जमत नाही म्हणून. तेलपोळी, गुळपोळी, जिलबी, एकाने तर आख्खी इमरती आणली. बऱ्याच वर्षांनी माझ्यापुढे पुन्हा रांग लागली होती. मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचो आणि कुणाचा नंबर आधी ते सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

थांबा बदलला

दिवाळीपर्यंत मुन्नाची कंबर नाहीशी झाली. अंगावरून हात फिरवला तर बरगडी हाताला लागेना. पोट जमिनीला टेकायला आलेलं. पायरी चढताना तो मध्येच थांबून माझ्याकडे बघायचा, मी त्याला उचलून घ्यायचो. लोक म्हणायचे, "कसा गुबगुबीत झालाय!" मीही म्हणायचो.

रेखाला आधी कळलं. तिने त्याला गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. नऊ-साडेनऊ किलो असायला हवं तिथे वजन बारावर गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, या जातीची पाठ लांब असते, वजन वाढलं की मणक्यावर भार येतो, आत्ताच उतरवा. रेखाने घरी येताच फाटकावरचं शनिवारचं वाटप बंद केलं. मुन्नाचं जेवण ती स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून द्यायला लागली.

मी काय करावं? एसटीत एखाद्या ठिकाणी गाडी उभी करू देईनात की आम्ही थांबा बदलायचो. मी तेच केलं. शनिवारी मुन्नाला फिरायला म्हणून मारुतीच्या देवळाकडे न्यायचो. लोकांना कळवलं होतं. ते पोळ्या घेऊन देवळाच्या कट्ट्यावर यायचे. घरी रेखा मोजून घास घालत होती आणि कट्ट्यावर मी आठवड्याचं भरून काढत होतो.

महिन्याने डॉक्टरांनी वजन केलं तर आणखी वाढलेलं. ते रेखाला म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना? मोजून देता म्हणता आणि हे काय? घरात फसवाफसवी चालणार नाही." रेखाचा चेहरा उतरला. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. भिंतीवरच्या चित्रातली गाय बघत बसलो.

याहून वाईट मी फोनवर केलं. श्रुती रोज संध्याकाळी मला फोन करायची. मुन्ना कसा आहे विचारायची. एकदा मी सहज म्हणालो, "तुझी आई लई कडक झालीया बघ. लेकराला पोटभर खाऊ देत नाही." लेकीला तेवढं पुरलं. शकुंतलाबाईंची मुलगीही लातूरलाच क्लासला होती, तिच्याकडूनही कॉलनीतलं बोलणं पोचलं: रेखा कुत्र्याला उपाशी मारते. श्रुती आईशी बोलेनाशी झाली. आईचा फोन उचलायची, हां, हूं, ठेवते. रेखा फोन खाली ठेवून भाजी चिरायला लागायची. अभ्यासाचा ताण आहे तिला, असं स्वतःच म्हणायची. मी मान डोलवायचो.

पाय गेले

थंडीतला शनिवार. देवळाच्या कट्ट्यावर मुन्ना माझ्या शेजारी बसला होता. समोरून एक ओळखीचा जिलबीचा पुडा घेऊन आला. मुन्नाने पुडा बघितला आणि कट्ट्यावरून खाली उडी मारली. फार उंच नाही, गुडघ्याएवढा कट्टा. खाली पडताच तो असा ओरडला की देवळातला माणूस बाहेर आला. मग गप्प झाला. पुढचे दोन पाय टेकून उठायला बघत होता. मागचे पाय त्याच्यामागे ओल्या फडक्यासारखे फरफटत येत होते. तशाही स्थितीत तो जिलबीकडे सरकत होता. ते मला अजून विसरता येत नाही.

मी त्याला घरी उचलून आणलं. रेखाने विचारलं, "काय झालं?"

"खेळताना पडला," मी म्हणालो.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि लातूरला न्या म्हणाले, तिथे कुत्र्यांच्या मणक्याचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. रेखाने शाळेत फोन करून रजा टाकली, गाडी ठरवली. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर. सगळ्या वाटेने मुन्ना तिच्या मांडीवर होता. पाणी पाजायला अहमदपूरला थांबलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मामा, माझं कुठं चुकलं असेल हो? मी तर मोजूनच देत होते."

मला बोलायला हवं होतं. मी ड्रायव्हरला चहा घेणार का विचारलं.

निदान

लातूरच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या. आवाज मोठा, हात मात्र फार हलके. त्यांनी मुन्नाची पाठ बोटांनी चाचपली, फोटो काढले. पाठीच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आला होता. मग त्यांनी मागच्या पायाचं एक बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. मुन्नाने मान वळवून त्यांच्याकडे रागाने बघितलं.

"शाब्बास!" त्या म्हणाल्या. "रागावला म्हणजे दुखलं. दुखलं म्हणजे जाणीव आहे. जाणीव आहे तोवर आशा आहे. पण हे एवढं ओझं घेऊन पाठ सुधारायची नाही. वजन उतरलं तरच हा चालेल. काय खातो हा?"

रेखाने सांगितलं. सकाळी एवढं, संध्याकाळी एवढं, ग्रॅममध्ये. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, एवढ्यावर कुत्रा वाढत नाही, उतरतो. आणखी काहीतरी जातंय पोटात."

रेखा म्हणाली, "नाही हो, खरंच नाही. माझ्या लेकीची शपथ."

त्या शपथेने माझा धीर सुटला. आमच्या घरी अशी शपथ कुणी सहज घेत नाही. मी सगळं सांगितलं. देऊळ, कट्टा, तेलपोळ्या, जिलबी, आजची उडी. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काळा कुत्रा म्हणून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "अहो, याला तर तांबड्या भुवया आहेत," त्या म्हणाल्या, आणि हसू आवरायला त्यांना खिडकीकडे वळावं लागलं.

रेखा हसली नाही, ओरडलीही नाही. मुन्नाच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "झालं ते झालं, मामा. पुढचं विचारा ना. तो चालेल का, ते विचारा."

बाकावर

मुन्नाला चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. रेखाची शाळा होती म्हणून ती परत गेली. मी मावसभावाकडे उतरलो आणि सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या बाकावर बसू लागलो. दवाखान्याचा दिवस असतो तसाच असतो, माणसांचा काय आणि जनावरांचा काय. सकाळी फरशी पुसली जाते, मग सुया, मग मलमपट्टी, मग वाट बघणं. एक पोपट होता, पंख मोडलेला, तो दिवसभर "कोन हाय?" विचारायचा. औशाकडचे एक पाटील शेळी घेऊन यायचे.

"तुमच्या कुत्र्याला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मणक्यात गादी सरकली."

"आरं देवा. आमच्या मंडळीलाबी तेच हाय. तिला डागदरनं सांगितलं, वजन कमी कर. ती म्हनती, डागदरच बदला."

लठ्ठ जनावराबद्दल बोलताना लोक हसतात. मीही हसायचो. पण मुन्नाला लघवी होत नव्हती. दिवसातून काही वेळा त्याचं पोट दाबून करवावी लागायची. तो माझ्याकडे बघत नसे, तोंड भिंतीकडे करून राहायचा. माझ्या वयाच्या माणसाला त्यातली लाज सांगावी लागत नाही. ते काम मी शिकून घेतलं. शेवटच्या दिवशी सकाळी त्याची त्याला झाली, माझ्या धोतरावर. मी बाकावरून उठून उभा राहिलो आणि पाटलांना ओरडून सांगितलं. पाटलांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पोपट म्हणाला, "कोन हाय?"

श्रुतीचं होस्टेल तिथून पाच मिनिटांच्या वाटेवर. मी रोज त्या रस्त्याने गेलो आणि फाटकापाशी थांबलो नाही. तिची परीक्षा होऊ द्या, मग सांगू, असं रेखा म्हणाली होती. त्यात मला सोय दिसली. फोनवर तिने मुन्नाचं विचारलं की 'बरा आहे' एवढंच म्हणायचो. आई लेकीचा राग झेलत होती आणि मी परीक्षेच्या आड लपलो होतो.

घरातला कोपरा

घरी आल्यावर मुन्नाला महिनाभर हिंडू द्यायचं नव्हतं. श्रुतीचं जुनं अभ्यासाचं टेबल उलटं करून रेखाने त्याचा कठडा केला, आत गोधडी घातली. रोज नेमून दिलेले व्यायाम. मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलवायचे, बोटांना चोळायचं. उभा करायचा तर जुन्या ओढणीची झोळी पोटाखालून घालून, दोन्ही टोकं हातात धरून. पुढचे पाय त्याचे, मागचे आमचे.

जेवण. ज्यांच्याकडे लठ्ठ कुत्रा आहे त्यांनी हे नीट वाचावं. उपाशी ठेवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, रोज त्याच वेळी, दोन भाग करून. भूक लागल्यासारखी वाटते तेव्हा उकडलेला दुधी, घेवड्याच्या शेंगा, काकडी, हे डॉक्टरांना विचारून. तेल, तूप, गूळ, बिस्किट बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवायचं. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लपून घालायचं हे झालं तर मोजणाऱ्याला वेड लागायची पाळी येते. मला हे कसं माहीत, ते वर लिहिलंच आहे.

पहिले पंधरा दिवस अवघड. मी जेवायला बसलो की मुन्ना कठड्याच्या फटीतून नाक बाहेर काढून बघायचा. त्याच्याइतकं कुणी मला आयुष्यात बघितलेलं नाही. माझा हात ताटाकडून आपोआप तिकडे निघायचा.

"मामा," रेखा पोळी लाटता लाटता म्हणायची. मागे वळूनही बघायची नाही.

"कुठं काय! खाजवून राहिलो फक्त."

शेवटी मी माझं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलो. मुलगा शनिवारी घरी आला, मला तसा बसलेला बघून म्हणाला, "अण्णा, शिक्षा कुणाला झालीय नक्की?"

काकडी

शनिवार येतच होते. देवळाच्या कट्ट्यावर मी नाही म्हटल्यावर लोक फाटकाशी यायला लागले. मी खुर्ची टाकून तिथेच बसायचो, पण आता परतवायला. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम. गाडी रद्द झाली हे प्रवाशांना सांगणं याच्यापुढे काहीच नाही.

एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, सोमवारी पोराचा इंटरव्ह्यू हाय. एकच पोळी. अर्धी तरी."

"नाही जमायचं."

"माझ्या पोराची नोकरी गेली तर तुमच्यावर येईल बगा."

"येऊ द्या. पण माझ्या कुत्र्याचे पाय गेलेत."

शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "कंट्रोलर साहेब, तुमीच सवय लावलाव आन आता तुमीच दार लावून राहिलाव. सुनंला भ्यालाव का?"

आत्तापर्यंत मी अशा वेळी हसून वेळ मारून नेली असती. म्हणालो, "हाव, भ्यालो. तिचं ऐकलं असतं तर हा आज पळत असता."

तेवढ्यात रेखा बाहेर आली. तिच्या हातात ताटली, ताटलीत काकडीच्या पातळ चकत्या. "काकू, तुम्हाला रिकाम्या हाताने नको जायला. यातली एक घाला त्याला."

"आगं, शनीला काकडी चालती का?"

"शनीला नाही द्यायची, काकू. मुन्नाला द्यायचीय."

शकुंतलाबाईंनी जरा विचार केला. मग आपल्या तेलपोळीवर काकडीची चकती घासली, पोळी पदराखाली परत ठेवली आणि तेलकट चकती मुन्नापुढे धरली. रेखाने ती त्यांच्या हातातून घेऊन पदराने पुसली. मुन्नाने खाल्ली. दोघींचंही समाधान झालं. पुढच्या शनिवारपासून लोक घरूनच काकडी आणायला लागले. ज्यांना ते पटलं नाही ते दुसऱ्या कॉलनीत काळा कुत्रा शोधत गेले. त्या कुत्र्याच्या मालकाला मी भेटून आलो आहे.

काट्यावर

दर पंधरवड्याला वजन करायचं होतं. आमच्या माणसांच्या काट्यावर तो उभा राहू शकत नव्हता. मी त्याला कापडी पिशवीत घालून नव्या मोंढ्यातल्या ओळखीच्या अडत्याकडे न्यायचो. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी मोठा काटा. मुन्ना पिशवीतून फक्त तोंड बाहेर काढून बसायचा.

"साहेब, हा माल ओला हाय का वाळलेला?" हमाल विचारायचे. पण काटा स्थिर होईपर्यंत सगळे श्वास धरून उभे राहायचे. पहिल्यांदा पाव किलो उतरलं. दुसऱ्यांदा काहीच नाही. मी घरी येऊन रेखाला सांगायला घाबरलो. ती म्हणाली, "असं होतं. आपण चोरून काही घातलं नाही ना? मग उतरेल." तिने 'आपण' म्हटलं, हे माझ्या लक्षात राहिलं. नंतर दर खेपेला अर्धा किलो. होळीच्या सुमाराला पाठीवरून हात फिरवला आणि बरगड्या लागल्या. मी रेखाला हाक मारून तिचाही हात तिथे ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी झोळी धरून त्याला अंगणात उभा केला होता. माझा हात भरून आला म्हणून ओढणीचं एक टोक सैल सोडलं. तो पडला नाही. डावा पाय लटपटला, तिरका पडला, पुन्हा सरळ झाला. मुन्ना दोन पावलं गेला. मग बसला आणि हे काय झालं असं माझ्याकडे बघायला लागला.

"रेखा!" मी ओरडलो. ती पिठाच्या हातांनीच धावत आली. आम्ही दोघं अंगणात खाली बसलो. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. मग तिने डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं, आणि म्हणाली, "झोळी धरा, मामा. दमेल तो."

चैत्रात तो आपला आपण चालायला लागला. एके सकाळी गल्लीत डुकरांची टोळी शिरली. मुन्नाने भुंकत फाटकातून बाहेर धाव घेतली. डुकरं पळाली, मुन्ना त्यांच्यामागे, मी मुन्नामागे, चप्पल कुठे राहिली पत्ता नाही. "मुन्ना पळला! मुन्ना पळला!" शकुंतलाबाई गच्चीवरून ओरडत होत्या. आख्खी गल्ली दारात आली. त्या पळण्यावरूनच मंडळाने माझा सत्कार ठरवला.

होस्टेलच्या फाटकाशी

श्रुतीची परीक्षा संपली. सत्कारानंतरच्या रविवारी तिला आणायला आम्ही लातूरला निघालो. आधी डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी मुन्नाचं वजन केलं. साडेनऊच्या आत. जमिनीवर सोडून चालवला, वळवला, बोटं दाबली. "आता फक्त असंच ठेवा. उड्या नकोत, जिने नकोत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि देवळं नकोत."

होस्टेलसमोर गाडी थांबली. रेखा उतरली नाही. "तुम्हीच जा, मामा. मला बघून तोंड फिरवेल ती. उगाच रस्त्यात नको."

मी फाटकाशी गेलो. श्रुती बॅग घेऊन उभी होती. वाळली होती पोर. पहिलाच प्रश्न, "आजोबा, मुन्ना जिवंत आहे ना? मला खरं सांगा. आई काही सांगतच नाही."

रस्त्यावर दुसरी मुलं, त्यांचे आईबाप, रिक्षावाले. मी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. शनिवार, कट्टा, फोनवर बोललेलं, थंडीतली उडी, लातूरचा दवाखाना, मी इथून रोज जायचो ते. कमी करून सांगितलं नाही. तुझ्या आईने त्याला एक दिवसही उपाशी ठेवलं नाही, उपाशी ठेवलं असेल तर मीच तिला, तुझ्या बोलण्यावाचून, हे शेवटी म्हणालो. श्रुतीने बॅग खाली ठेवली.

"मी आईशी चार महिने नीट बोलले नाही, आजोबा."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली. ती माझ्याकडे अशी बघत होती की खाली बघण्यावाचून सोय नव्हती. ती अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही, हेही लिहितो. तिचा हक्क आहे.

मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुन्नाने तिचा वास ओळखला होता, तो आत थांबेना. रेखाने त्याला उचलून हळूच रस्त्याच्या कडेला फुटपाथवर ठेवला. तो निघाला. डावा पाय किंचित बाहेर पडत होता, शेपटी काठीसारखी ताठ, कान मागे उडत होते. धावत श्रुतीपर्यंत गेला, तिच्या पायांत घोटाळला, तिचं तोंड चाटलं. मग मागे वळून रेखाकडे पळाला. तिला शिवून पुन्हा श्रुतीकडे. असा तो दोघींमध्ये पळत राहिला, चारही पायांनी, आणि आपली सगळी माणसं एका जागी का येत नाहीत म्हणून भुंकत राहिला. दोघीही नकळत पुढे सरकत होत्या. दर खेपेला त्याला पळायला जागा कमी उरत होती.

शेवटी रेखा वाकून त्याला पकडू लागली. "बास रे बास. दमेल ना तो."

श्रुतीने तिचा हात धरला.

"दमू दे गं, आई."